बॉयलरचा शोध आणि ए ग्रेड

दगडू मांडवकर गुहागरकडचा. दुबईत अल कुसैसमधल्या एका पाचमजली ऑफिस-बिल्डिंगचा एसी त्याच्या ताब्यात. २००८ साली मंदी आली आणि वर्षभरात भाडेकरू एकेक करून गाशा गुंडाळून गेले. मग इंजिनियरलाही ‘खलास’ केलं, म्हणजे नोकरीवरून काढलं. उरले दोघंच: दगडू आणि ऑफिस सांभाळणाऱ्या पुण्याच्या मैथिली बर्वे. चार मजल्यांना कुलपं. गच्चीवरचं गार हवेचं मोठं मशीन, चिलर, दगडू बहुतेक दिवस बंदच ठेवायचा. फक्त जाम होऊ नये म्हणून आठवड्यातून एकदा तासभर फिरवायचा.

मालक कंपनी युरोपातली. तिकडे कायदा होता की इमारतींनी ऊर्जा जपून वापरावी, दारात ए ते जी असा ग्रेड लावावा, थंडीत इमारत उबदार ठेवणारा बॉयलर नेमानं तपासून घ्यावा. दुबईला तो लागू नव्हता. पण हेड ऑफिसनं ठरवलं, जगभरातल्या आपल्या बिल्डिंगींना एकच फॉर्म.

पहिल्याच पानावर बॉयलरचं वय होतं. मैथिलीबाईंनी शून्य लिहिलं. उत्तर आलं, नवीन बॉयलरबद्दल अभिनंदन, फोटो पाठवा. त्यांनी कळवलं की बॉयलर नाहीच. त्यावर विचारणा झाली: कोणी शोधला, कुठे शोधला?

मग दगडूनं दोन दिवस बॉयलर शोधला. हुकूम म्हणजे हुकूम. बेसमेंट, लिफ्टची खोली, पाण्याच्या टाकीमागची जागा, सगळं टॉर्च घेऊन पाहिलं आणि ‘सापडला नाही’ म्हणून सही केली. शेरा आला, शोध चालू ठेवावा.

जुलैत हेन्रिक नावाचा इन्स्पेक्टर आला. भिंतींतून आतली ऊब बाहेर निसटते का, हे त्याला बघायचं होतं. बाहेर शेहेचाळीस डिग्री. त्यानं भिंतीला हात लावला आणि झटकन मागे घेतला. मैथिलीबाईंनी त्याला सावलीत नेऊन लबान, म्हणजे तिकडचं ताक, पाजलं. थोड्या वेळानं त्यानं प्रामाणिकपणे लिहिलं, ऊब बाहेर जात नाही. विजेचा मीटर तर जेमतेम फिरलेला. बिल्डिंगला ए ग्रेड मिळाला, कंपनीत जगात पहिला. दगडूचा फोटो कंपनीच्या मासिकात छापून आला.

त्यानं तो गावी पाठवला. बायकोनं, मुक्ताबाईनं, फोनवर विचारलं, एवढं काय केलंत?

“काय नाय केलं,” दगडू म्हणाला. तिला तो नवऱ्याचा विनय वाटला.

२०११ मध्ये एका ट्रॅव्हल कंपनीनं तीन मजले घेतले. दीडशे माणसं आली. चिलर सकाळपासून घरघरू लागला, दगडूची दिवसभर वरखाली पळापळ सुरू झाली आणि बऱ्याच दिवसांनी त्याला जेवण गोड लागलं. वर्षअखेर ग्रेड डीवर घसरला. हेड ऑफिसचं पत्र आलं: घसरणीचं कारण द्या.

“काय लिहू दगडूभाऊ? ॲक्च्युअली काय झालं म्हणून?”

“लिहा मॅडम, माणसं आली.”

त्यांनी तसंच लिहिलं. खालच्या रकान्यात पुन्हा असं होऊ नये म्हणून उपाय मागितला होता. मैथिलीबाईंनी तो रकाना मोठ्यानं वाचून दाखवला. मग दगडू चाचरत म्हणाला, “मॅडम, गच्चीचं टाकून बघूया?”

गच्चीवर ऊन अडवणारा जाड थर घाला, असं तो सहा वर्षं मागत होता. पाचव्या मजल्यावर पंख्याखालीही माणूस भाजायचा. दरवेळी उत्तर एकच, इन्शाल्ला, पुढच्या वर्षी. आता डी ग्रेडच्या फॉर्मवर ती मागणी गेली आणि अकरा दिवसांत मंजूर झाली. मैथिलीबाईंनी ईमेल दोनदा वाचली.

थर बसला. पुढच्या मे महिन्यात, भर दुपारी, चिलर एकाएकी बंद पडला. दगडू हातातला डबा टाकून जिने चढत गच्चीवर पोहोचला. मशीन धड होतं. खाली पुरेसं गार झालं होतं, म्हणून ते आपोआप थांबलं होतं. इतक्या वर्षांत दुपारी असं कधी झालं नव्हतं. धाप लागलेला दगडू तिथेच चिलरच्या सावलीत टेकला आणि ते पुन्हा सुरू होईपर्यंत बसून राहिला. चांगली वीस मिनिटं लागली.