डावीकडची सीट

वारंगा फाट्यावर थावरा आडे दोन गोष्टींसाठी ओळखला जातो. ट्रक समोरून गेला की नुसत्या आवाजावरून तो सांगतो, गाडी भरलेली आहे की रिकामी, आणि ड्रायव्हर नवा आहे की मुरलेला. दुसरी गोष्ट चेष्टेची आहे. छत्तीस वर्षं ट्रक चालवलेला हा माणूस रोज दुपारी चारला मुलाच्या पंक्चरच्या दुकानात जुन्या टायरवर बसतो आणि मोबाइलवर दुसऱ्याला ट्रक चालवताना पाहतो. तोही खोटा ट्रक.

"थावरा, आज काय भरलंय रं तुझ्या गाडीत?" समोरच्या खिचडीच्या हॉटेलात पाणी भरणारा ग्यानोबा येता-जाता विचारतो.

"तुझ्या डोक्यावानी हाय. रिकामी," थावरा मान वर न करता सांगतो.

थावराचं वय एकसष्ट. त्याचा तांडा फाट्यापासून चार किलोमीटरवर आहे. पणजोबाचे बैल पाठीवर मीठ लादून मुलूख तुडवायचे. आजोबा-वडिलांनी शेती धरली आणि थावरा पुन्हा रस्त्याला लागला. सोळाव्या वर्षी तो कळमनुरीच्या नासेरभाईंच्या गाडीवर क्लीनर म्हणून चढला. सहा वर्षं डावीकडच्या सीटवर काढली, मग उजवीकडे आला. वसमतची हळद सांगलीला पोचवायची, येताना मिळेल तो माल घ्यायचा. छत्तीस वर्षांत गाडी एकदाही कुणाच्या अंगावर गेली नाही. तीन वर्षांपूर्वी परवान्याच्या तपासणीला डॉक्टरांनी त्याला डावा डोळा हाताने झाकायला सांगितला. समोरच्या पाटीवर अक्षरंच नव्हती. शुगरने उजवा डोळा कधी नेला, हे त्याचं त्यालाही कळलं नव्हतं.

त्यानंतर तो मुलाच्या, संतोषच्या दुकानात येऊन बसू लागला. शेजारीच सून संगिता चहाचं दुकान चालवते. म्हातारा दिवसभर रस्त्याच्या कडेला उभा राहून ओळखीच्या गाड्यांना हात करतो, एखाद्या दिवशी कशाखाली येईल, अशी तिला धास्ती होती. तिनेच एकदा आपल्या जुन्या मोबाइलवर 'आखाडा' नावाचं अ‍ॅप लावून दिलं. त्यावर लोक खेळ खेळतात आणि बाकीचे ते थेट बघतात.

"दुसऱ्यानं खेळलेलं काहून बघायचं?" थावराने विचारलं.

"बघा तं खरं, मामा. ट्रक हाय."

ट्रक होता. चालवणारा मुजाहिद, वय चोवीस, मूळचा वसमतचा. हैदराबादेत एका खोलीत टेबलाला स्टिअरिंग ठोकून तो बसायचा. पडद्यावर समोरचा रस्ता, कोपऱ्यात काडेपेटीएवढा त्याचा चेहरा. बोलणं मात्र अगदी वसमतच्या मोंढ्यातलं. चार वाजले की तो विचारायचा, "कोन कोन बसलं गाडीत? गावं सांगा." लोक गावं लिहायचे. साडेतीनशे-चारशे जण असायचे. वाशिमची पुनम नावाची एक मुलगी स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करताना आवाजासाठी म्हणून लावून ठेवायची. अभ्यासिकेतली शांतता तिला खायला उठते, असं तिने एकदा लिहिलं होतं. एक जण माल उतरेपर्यंत गोदामाच्या दारात खरोखरच्या ट्रकमध्ये बसून हा खोटा ट्रक बघायचा. खेळ शिकायला कुणीच येत नव्हतं. कुणीतरी कुठंतरी चाललंय आणि आपण त्याच्यासोबत आहोत, एवढं त्यांना पुरत असावं.

थावराला तेही पुरलं नाही. तिसऱ्या दिवशी मुजाहिदने उतारावर गाडी न्यूट्रल केली आणि थावरा टायरवरून उठला. संगिताकडून त्याने बोलून लिहायचं बटण शिकून घेतलं आणि फोन तोंडाशी धरून ओरडला, "उतारावर गिअर काढू नको! ब्रेक तापतील!"

मुजाहिदने ते मोठ्याने वाचलं. "हे कोन थावराकाका? बराबर बोलले. तुमी ड्रायव्हर हाव काय?"

"होतो," थावराने सांगितलं.

त्या दिवसापासून थावराची दुपार ठरून गेली. नासेरभाई म्हणायचे, गाडी दोघं चालवतात. एक स्टिअरिंग धरतो, दुसरा त्याला जागं ठेवतो. डाव्या सीटवर झोपला तो क्लीनर नव्हे, ओझं. थावरा त्याच नियमाने बघू लागला. मुजाहिदची गाडी चालू असेपर्यंत तो चहाला उठायचा नाही, गिऱ्हाइकाशी बोलायचा नाही. वळण आलं की सांगायचा, डावीकडून मोटारसायकल येऊन राहिली. रस्ता सरळ आला की जुन्या गोष्टी काढायचा: सोलापूरच्या अलीकडे स्प्रिंगचा पाटा तुटला ती गोष्ट, नासेरभाईंनी जाकिटात गुंडाळून आणलेल्या बकरीच्या पिल्लाची गोष्ट. मुजाहिद हसायचा. "काका हाय म्हणून झोप येत न्हाई," असं त्याने एकदा सगळ्यांसमोर म्हटलं. थावराने ते संगिताला दोनदा सांगितलं आणि ग्यानोबाला तीनदा.

असं अकरा महिने चाललं. मग मार्च महिन्यात भाचीच्या लग्नासाठी थावरा तीन दिवस पुसेगावकडच्या तांड्यावर गेला. फोन संगिताकडे राहिला. परत आला त्या दिवशी चारला त्याने आखाडा लावलं. मुजाहिदच्या पानावर जुनाच व्हिडिओ होता. नवी गाडी निघाली नव्हती.

"आज आलं न्हाई पोरगं," तो म्हणाला आणि सहापर्यंत बसून राहिला.

दुसऱ्या दिवशीही तेच झालं. आठवडा गेला. त्या पानाखाली रोज लोक काहीबाही लिहीत होते, पण ते इंग्रजी अक्षरांत. थावरा मराठी सावकाश वाचतो. ही अक्षरं त्याला फक्त गाड्यांच्या नंबर पाट्यांपुरती येतात. शिव्या असतील, असं समजून त्याने सोडून दिलं. कुणाला विचारायची त्याला गरजच वाटली नाही. ट्रकवाल्यांची जुनी रीत आहे. मोबाइल नव्हते तेव्हा दोन गाड्या जोडीने निघायच्या आणि वाटेत मागे-पुढे झाल्या की ठरल्या जागी थांबून राहायच्या. शोधायला निघायचं नाही, कारण दोघंही शोधायला निघाले तर दोघंही चुकतात. एकदा बार्शी नाक्यावर तो नासेरभाईंच्या गाडीसाठी दीड दिवस थांबला होता. गाडी आली होती.

"अरे, बंद टीव्हीपुढं काय बसून राहिला?" ग्यानोबाने विचारलं.

"थांबलोय."

"कशासाठी?"

"तू पानी भर."

नवव्या दिवशी संगिता चहाचा कप ठेवायला आली आणि तिची नजर पडद्यावर गेली. तिने दोन ओळी वाचल्या आणि कपाळाला हात लावला. "मामा, ह्यात लिहिलंय सगळं. त्यो गेला इथून. 'धडक' म्हणून नवं अ‍ॅप निघालंय, तिथं गेला. दहा-अकरा दिवस झाले. लोकं रोज लिहून राहिले, इकडं या म्हणून."

थावराने कप घेतला नाही. "मला सोडून?"

"सांगितलं असंल की. तुमी लग्नात होते."

ड्रायव्हर फोडणं ही गोष्ट थावराला नवी नव्हती. त्याच्या तरुणपणी एक ट्रान्सपोर्ट कंपनी दुसरीचा चांगला ड्रायव्हर पळवायची. ट्रक जुन्या मालकाकडेच राही, पण व्यापारी ड्रायव्हरच्या मागे जात. या अ‍ॅपवाल्यांचंही तेच होतं. धडकला बघणारी माणसं हवी होती. माणसं आखाड्यावर होती आणि ती नुसत्या जाहिरातींनी हलत नव्हती. म्हणून त्यांनी ज्यांच्या मागे माणसं होती ते दीडेकशे खेळाडू ठरावीक पगारावर उचलले. अट अशी की दुसरीकडे दिसायचं नाही, आणि कंपनी सांगेल तो खेळ आधी खेळायचा.

संगिताने नवं अ‍ॅप घ्यायचं ठरवलं. फोनमध्ये जागा नव्हती, म्हणून तिने आखाडा काढून टाकलं. थावरा ते चिन्ह पुसलं जाताना बघत राहिला.

धडकवर मुजाहिद सापडला. चेहरा तोच, पण आता पडद्याचा पाव भाग व्यापेल एवढा. गाडी नव्हती. हातात बंदूक घेतलेली माणसं पळत होती, पडत होती आणि मुजाहिद हिंदीत ओरडत होता. वरच्या कोपऱ्यात बघणाऱ्यांचा आकडा होता: नऊ हजार चारशे. थावराने फोन तोंडाशी धरला. "मी थावरा. वारंगा फाटा." त्याची ओळ उमटली आणि श्वास घ्यायच्या आत वर सरकून गेली. तिच्या मागून दुसऱ्यांच्या शंभर ओळी आल्या. त्याने पुन्हा सांगितलं. पुन्हा तेच.

पाच दिवस तो तसा बसला. बंदुकांचा खेळ त्याला कळत नव्हता. कोण आपला, कोण परका, हेही समजत नव्हतं. आवाज ओळखीचा होता तेवढंच. संतोष म्हणाला, "बाबा, दुसरं कोनी बघा की. ट्रक चालवणारे लई पडलेत."

"लई पडलेत तं जा न तू, दुसरा बाप बघ."

संतोषने पुन्हा विषय काढला नाही. सहाव्या दिवशी संगिताने युक्ती केली. चारला पाच मिनिटं कमी असताना, गर्दी जमायच्या आधीच, तिने मराठीत लिहिलं: वारंगा फाट्याचे थावराकाका आलेत.

पडद्यावरचा मुजाहिद पाणी पीत होता. तो थांबला. "अरे! काका! कुठं गायब झाले हो तुमी?" तो मराठीत बोलला, आणि थावरा इतक्या घाईने फोनवर वाकला की चष्मा पडला.

"गाडी कधी काढतो?" त्याने विचारलं.

मुजाहिदने कोपऱ्यातल्या आकड्याकडे पाहिलं. "इथं गाडीला लोक बसत न्हाईत, काका." मग म्हणाला, "रविवारी. तुमच्यासाठी. वादा."

रविवारी थावरा तीनलाच येऊन बसला. धुतलेला शर्ट घालून आला म्हणून ग्यानोबाने विचारलं, "मुलगी बघायला चालला काय?" संगितानेही चहाचं दुकान पाच मिनिटं बंद ठेवून शेजारी बसायचं ठरवलं, कारण इंग्रजी अक्षरं वाचायला कुणीतरी हवं होतं.

चारला रस्ता दिसला. दोन्ही बाजूंना झाडं, समोर काळं डांबर, दूरवर घाटाची सुरुवात. गाडीने तिसरा गिअर घेतला तेव्हा त्याचा डावा पाय आपोआप दबला.

"काय म्हणतात लोक?" थोड्या वेळाने त्याने विचारलं.

संगिता म्हणाली, "झोप येऊन राहिली म्हणतात. खेळ बदल म्हणतात."

आकडा नऊ हजारांवरून सहावर आला, सहावरून चारवर. मुजाहिदचे डोळे रस्त्यावरून कोपऱ्याकडे आणि कोपऱ्यातून रस्त्याकडे जाऊ लागले. घाटात एका वळणावर समोर टेम्पो आला.

"थांब, तिथं जागा न्हाई," थावरा म्हणाला. पण ते त्याने फोनला नव्हे, स्वतःशीच म्हटलं होतं. मुजाहिदने वळणावरच गाडी बाजूने काढली आणि टेम्पोला घासली. टेम्पो कठडा तोडून खाली गेला. पडद्याच्या तळातून हसण्याची चिन्हं भराभर वर आली.

"आता काय लिहून राहिले?"

"अजून ठोक म्हणतात."

आकडा वर चढला. पाच हजार. मुजाहिद हसला, पण ते हसू चेहऱ्यावर नीट बसलं नाही. पुढच्या वळणावर त्याने मोटारसायकल उडवली. सहा हजार दोनशे.

थावराने फोन तोंडाशी नेला. आवाज चढवला नाही. "गाडी बाजूला घे. मी उतरतो."

संगिताने तीच ओळ सहा-सात वेळा पाठवली. शेवटी मुजाहिदने वाचली.

"काका, अजून लई जायचंय आपल्याला."

"व्हय. तू जा."

मुजाहिदने वेग कमी केला. डाव्या बाजूचा दिवा लावला, आरशात बघितलं आणि घाट संपल्यावर जिथे रस्ता रुंद होता तिथे गाडी पूर्ण कडेला घेऊन थांबवली. अकरा महिन्यांत थावराने त्याला जे जे सांगितलं होतं, त्यातलं त्याने काहीही गाळलं नाही. "उतरा, काका. सांभाळून," तो म्हणाला. दहाएक सेकंद चित्र तसंच राहिलं. मग बंदुका आल्या.

संगिताने फोन बंद केला. "काहून उतरले, मामा? इतके दिवस वाट बघून?"

"त्याचं ध्यान रस्त्यावर नव्हतं. मागं किती जण बसलेत ते बघावं लागत होतं त्याला," थावरा म्हणाला. "आन् आपुन बसलो म्हणून गाडी काढली त्यानं. लोकं मेले न त्यात."

"खोटे होते, मामा."

"व्हय, खोटेच."

सोमवारी चारला तिने विचारलं, लावू का. तो नको म्हणाला आणि संतोषने काढून ठेवलेली ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे शोधत बसला. मंगळवारी तिने विचारलं नाही. तेव्हा मात्र थोडा वेळ गेल्यावर तो चहाच्या दुकानाशी येऊन उभा राहिला.

"नुसतं बघ, पोरगं बसलंय का न्हाई."

तिने हात पुसून पाहिलं. "बसलंय."

"आवाज कसा हाय?"

"बसलाय जरासा. वरडून वरडून."

"गरम पानी प्यायला पाह्यजे," थावरा म्हणाला.

"लिहू का तसं?"

त्याने थोडा विचार केला. "नको," म्हणाला.