नंबर प्लेटवरची दोन अक्षरं

मोबाइलवर ‘मामा’ हे नाव दिसलं आणि फोन उचलायच्या आधीच मला कळलं. जिभेच्या ऑपरेशननंतर मामानं कुणालाच फोन केला नव्हता. बोलताच येत नव्हतं तर करणार काय. त्याच्या फोनवरून आता दुसरंच कुणीतरी बोलणार होतं. मी फोन आईच्या हातात दिला आणि बाहेर येऊन उभी राहिले. समोर फॅक्टरीची सकाळची बस वळत होती. तिच्या नंबर प्लेटवरची अक्षरं मी वाचली… सवयीनं. त्याला आता काही आठवडे झाले.

मामा आंधळगावचा. घरात पिढ्यान् पिढ्या तलावातल्या मासेमारीवरच पोट. दर रविवारी स्कूटरच्या मागे डबा बांधून तो जवाहरनगरला, आमच्या फॅक्टरीच्या क्वार्टर्समध्ये मासे विकायला यायचा आणि विक्री आटोपली की आमच्याकडे थांबायचा. आल्याआल्या माझ्या पाया पडायचा. आमच्याकडे मामा भाचीच्या पाया पडतो, भाची कितीही लहान असो. मला त्याची भयंकर लाज वाटायची, कारण दुसऱ्या राज्यांतून बदलून आलेल्या शेजारच्या मुली दारात उभ्या राहून बघायच्या आणि मग इंग्रजीत काहीतरी कुजबुजायच्या. मी तेव्हा कुणाशीच फारसं बोलत नसे. मुलगी हुशार आहे पण तोंड उघडत नाही, अशी शाळेतून तक्रार आली होती. आईनं ती मामाला सांगितली तेव्हा तो पायरीवर बसून तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटत होता. त्यानं ऐकून घेतलं, मला फाटकापाशी नेलं आणि समोरच्या स्कूटरकडे बोट केलं.

“त्या गाडीवर कोणते अक्षर हायेत?”

“ए, के.”

“हे दोन्ही ज्याच्यात येतेत असा एक इंग्रजी शब्द सांग बाई.”

“केक.”

“आता केकची गोष्ट सांग. तुह्यी सोताची. खरी पायजे.”

मी सांगितलं, की वर्गात एका मुलीच्या वाढदिवसाला केक वाटला, माझ्यापर्यंत येता येता संपला आणि मी कुणाला काही म्हटलं नाही. मामा हसला नाही. “काहून नाही मांगतला?” एवढंच त्यानं विचारलं. त्या प्रश्नाला मी काय उत्तर दिलं ते आठवत नाही, पण त्या दिवसानंतर दर रविवारी तो खेळ झाला. अक्षरं त्यानं दाखवायची, शब्द मी शोधायचा आणि शब्दामागची गोष्ट सांगितल्याशिवाय तो धरायचा नाही. मामाला इंग्रजी अक्षरं ओळखता यायची, शब्द मोजकेच कळायचे. मी वाटेल तो शब्द ठोकून दिला असता तर त्याला समजलं नसतं. गोष्ट खोटी असली की मात्र लगेच समजायचं. “शिळी हाये,” तो म्हणायचा, “कल्ला उघडला का मासा सांगते कवाचा हाये तो.” मग मी दुसरी सांगायची. आईला माहीत नसलेलं बरंच काही त्या क्वार्टर्समधल्या गाड्यांनी माझ्याकडून काढून घेतलं. कॉलेजात गेले, पहिली मुलाखत देऊन रडत घरी आले, तरी खेळ चालूच होता.

मग त्याच्या तोंडात ती जखम निघाली. खर्ऱ्यानं इथे किती तोंडं खाल्लीत ते आमच्या भागातल्या कुणालाही सांगायला नको. नागपूरला ऑपरेशन झालं आणि मामाचं बोलणं गेलं. त्याच्या हातात लहान मुलाची पाटी आली. खेळात फार फरक पडला नाही, कारण बोलायचं नेहमी मलाच असायचं. पण दवाखान्याची फाइल इंग्रजीत होती, आणि ती प्रत्येक वेळी माझ्याच मांडीवर यायची. “वाच बाई,” मामी म्हणायची आणि माझ्या चेहऱ्याकडे बघत राहायची. शेवटच्या वेळी नागपूरला गेलो तेव्हाचा रिपोर्टही मीच वाचला. नंतर डॉक्टरांनीही तेच सांगितलं. आजार परत आला होता, मानेत उतरला होता. औषधं पुन्हा सुरू करता येतील, फार आशा ठेवू नका. मामा बाहेर बाकावर होता. मामीनं माझा हात घट्ट धरला. “त्याले काही सांगजो नको. हिंमत हारंल तो.” मी मान हलवली.

मामी औषधाच्या रांगेत गेली. मी आणि मामा गाड्या लावतात तिथे सावलीत उभे होतो. त्यानं माझ्याकडे बराच वेळ पाहिलं आणि मग एका पांढऱ्या कारकडे बोट केलं. ई, एन. पहिलीतल्या मुलीलाही जमावं इतकं सोपं होतं… पेन, टेन, हेन. पेनची खरी गोष्टही माझ्याजवळ होती. मामा वाट पाहत होता. त्यानं पाटी काखेत धरली होती, काही लिहायची घाई नव्हती.

“रिटर्न,” मी म्हटलं.

त्यानं हातानंच विचारलं, गोष्ट?

“मामा, तो आजार परत आलाय.”

तो पाटी खाली ठेवून वाकला आणि माझ्या पायांना हात लावला. आमच्याकडे मामा भेटल्यावर पाया पडतो, आणि निघताना. औषधांची पिशवी घेऊन मामी त्याच वेळी येत होती. तिला काही सांगावं लागलं नाही.

मामानं पाटीवर ‘घर’ लिहिलं. औषधं पुन्हा सुरू झाली नाहीत. उरलेले दिवस तो सकाळी तलावाच्या पाळीवर जाऊन बसायचा. जाळी ओढणारे त्याला मासोळी दाखवायला आणायचे, तो कल्ला उघडून मान डोलवायचा. तो शांत होता असं सगळे म्हणतात. मला नक्की माहीत नाही. खेळात मी कोणता शब्द सांगितला ते मामीला नंतर मीच सांगितलं होतं. तेरवीला ती सगळ्यांसमोर म्हणाली, “तुह्या इंग्रजीनं माहा माणूस नेला.” आणि त्यानंतर माझ्याशी बोलली नाही.

गेल्या रविवारी मी एकटीच आंधळगावला गेले. स्कूटर छपरीत उभी होती, मागे डबा तसाच बांधलेला. मी तिच्याजवळ थांबले. मामी खाटेवर सुपात तांदूळ निवडत होती. तिनं वर पाहिलं नाही.

“त्या दिवशीच्या गाडीवर कोणते अक्षर होते?”

“ई, एन.”

“त्याचे लय शब्द असतीन.”

“आहेत.”

“सोपे बी?”

“सोपेही आहेत, मामी.”

तिची बोटं तांदळात थांबली. “मंग तोच काहून सांगितला?”

त्यानं विचारलं म्हणून, असं ओठांवर आलं होतं. पण त्यानं फक्त एका कारकडे बोट केलं होतं… मी काहीतरी बोलायला सुरुवात केली.

“खरी पायजे,” मामी म्हणाली. सूप तिनं बाजूला ठेवलं होतं. मी स्कूटरच्या चाकाला टेकून खाली बसले. डब्याला अजून तलावाचा वास होता.