ए लग्नाचं, डी दहाव्याचं

विमल गेल्याचा फोन आला तेव्हा दुकानात लाईट नव्हती. शिरूरला आमचं छपाईचं आणि टायपिंगचं दुकान आहे. आप्पांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं. फोन दौंडहून होता, विमलच्या नवऱ्याचा. किडनीचं दुखणं चाललंच होतं, तरी इतक्या लवकर... असं काहीतरी मी बोलले आणि मला रडू फुटलं. पण खरं सांगते, त्या रडण्याच्या मागोमाग मनात आलं, आता हिच्यापायी आप्पा किती दिवस धड जेवणार नाहीत कोण जाणे. गेलेल्या बाईचाही हेवा वाटतो माणसाला. मला तरी वाटतो.

विमल केंदूरची. नव्वद सालानंतर आमच्याकडे पहिला कॉम्प्युटर आला, तो आधी शिकले मी, पुण्याला क्लास लावून. नंतर विमल कामाला लागली, माझ्या शेजारी बसून शिकली आणि बघता बघता माझ्या पुढं गेली. टायपिंगच्या त्या जुन्या प्रोग्राममध्ये, एडिटरमध्ये, एक सोय होती. कॉपी केलेला मजकूर ए पासून झेडपर्यंत कुठल्याही अक्षरावर ठेवून द्यायचा आणि लागेल तेव्हा ते अक्षर दाबून पेस्ट करायचा. मला ही सोय ठाऊक होती, पण दोन-तीन अक्षरांपलीकडं कुठं काय ठेवलंय ते माझ्या ध्यानात राहायचं नाही. विमलनं झाडून सगळी अक्षरं कामाला लावली. ए लग्नाचं, बी बारशाचं, डी दहाव्याचं... आली त्याच आठवड्यात आप्पांना म्हणाली, "आप्पा, आमच्या लोकांच्या पत्रिकेवर गणपती कशाला? येगळा नमुना ठिवू की." झालं, एन या अक्षरावर ‘नमो बुद्धाय’चा मजकूर आला, आणि जी गिऱ्हाइकं आजवर दुकानावरून नुसती जायची ती आत येऊन बसायला लागली. आपण हुशार आहोत हे विमलला पक्कं माहीत होतं, आणि ती ते लपवायचीही नाही.

मशीन बंद झालं की सगळी अक्षरं रिकामी व्हायची. म्हणून रोज सकाळी फ्लॉपीतून एकेक मजकूर काढून ती पुन्हा भरायची. आप्पा उदबत्ती ओवाळता ओवाळता विचारायचे, "भरलं का गं, विमल?" ती गजरा सावरत सांगायची, "भरलं, आप्पा." तिची सुट्टी असली की मीच भरायचे. तेव्हा आप्पा विचारायचे, चहा आला का. भरदुपारी लाईट गेली की सगळे वैतागायचे. मला मात्र आतून गार वाटायचं, गेली हिची अक्षरं! पण कसलं काय. लाईट येईपर्यंत ती गिऱ्हाइकांशी हसत-खिदळत बसायची आणि आली की पुन्हा भरायला घ्यायची. मी मोकळी बसलेली दिसत असूनही लोक म्हणायचे, राहू द्या ताई, विमलबाईंचं होऊ द्या. माझ्या डब्यातली शेंगदाण्याची चटणी ती न विचारता खायची, आणि मला ते आवडायचं. तीच तर पंचाईत होती.

मग लग्न होऊन ती दौंडला रेल्वे कॉलनीत गेली. माझं सासर शिरूरातच, त्यामुळं दुकान सुटलं नाही. आता माझी पाळी, म्हणून पहिल्याच सकाळी लवकर येऊन सगळी अक्षरं भरली आणि आप्पांच्या तोंडाकडं बघत बसले. आप्पांनी उदबत्ती लावली आणि म्हणाले, "दौंडात तिचं मन रमलं आसंल का गं?" पुढं विमलनं स्टेशनजवळ स्वतःचं दुकान टाकलं. ते बघायला आप्पा दुखऱ्या गुडघ्यांनी एसटीनं दौंडला गेले. माझं घर दुकानापासून दोन गल्ल्यांवर, तिथं मात्र बोलावल्याशिवाय पाऊल टाकत नाहीत. परत आले ते खुशीत. "तिकडंबी रोज भरतीय," म्हणाले.

फोनवर तिच्या नवऱ्यानं पुण्यानुमोदनाची, म्हणजे त्यांच्यातल्या दिवसकार्याची, पत्रिकाही आमच्याकडंच सांगितली. "ताई, तुम्हीच करा," तो म्हणाला. "ती सगळ्यांना सांगायची, मला कॉम्प्युटर ताईंनी शिकवला म्हणून."

अगं बाई, सगळ्यांना सांगितलंस, मग आप्पांनाच तेवढं का नाही सांगितलंस?

लाईट आल्यावर पत्रिका करायला बसले. यात तरी माझं एखादं वाक्य घालावं म्हणून खूप धडपडले. पण पुण्यानुमोदनाचा मजकूर विमलनंच पूर्वी असा काही बसवून ठेवला होता की माझं प्रत्येक वाक्य त्यात उपरं वाटायला लागलं. शेवटी तिच्याच शब्दांत तिची पत्रिका छापली. आप्पांनी ती चष्मा लावून वाचली आणि घडी घालून खिशात ठेवली.

त्याला आता बरेच आठवडे झाले. आताच्या कॉम्प्युटरवर एका वेळी एकच मजकूर कॉपी राहतो, दुसरा घेतला की पहिला गेला. भरून ठेवायचं असं काही उरलेलंच नाही. परवा दुपारी लाईट गेली, तासाभरानं आली. मशीन सुरू झाल्याचा आवाज झाला तसे कोपऱ्यातल्या खुर्चीत डुलकी घेणारे आप्पा जागे झाले आणि माझ्याकडं बघत म्हणाले, "भरलं का गं, विमल?"

इतक्या वर्षांत हा प्रश्न त्यांनी मला पहिल्यांदाच विचारला होता. माझं नाव सांगावं असं अगदी ओठांवर आलं...

"भरलं, आप्पा," मी म्हणाले.