वरच्या मजल्यांवर पप्पा

क्रूझला जाऊन आल्यापासून आमच्या इमारतीतल्या बायका माझ्याकडे सल्ला विचारायला येतात. आमच्या एव्हरशाईन वसाहतीत आता दर सुट्टीत कोणी ना कोणी निघालेलं असतं. खोली कुठल्या मजल्यावरची घ्यायची, बोट लागली तर काय करायचं, इस्त्री नेऊ देतात का. मला येतं तेवढं मी सांगते आणि हेही सांगते, की यातलं जवळजवळ सगळं माझ्या वडिलांचं आहे.

पप्पा सव्वीस वर्षं बोटीवर होते. आगाशीच्या अलीकडे आमचं गाव. तिथे 'बोटीवर' म्हटलं की पुढे काही समजावून सांगावं लागत नाही. दहा महिने बाहेर, दोन महिने घरी, आणि घरी आले की बंगलीभर साबणाचा आणि परदेशी चॉकलेटांचा वास. पप्पा मोठ्या प्रवासी बोटींवर होते. त्यांचं पत्र आलं की आई आम्हा दोघा भावंडांना ओटीवर बसवून मोठ्याने वाचून दाखवायची. छतावर पोहण्याचा तलाव आहे. जेवणघरात आपल्या चर्चमधल्या झुंबराच्या तिप्पट झुंबर आहे. संध्याकाळी बँड वाजतो आणि गोऱ्या बायका लांब झगे घालून नाचतात. मी ती वर्णनं शाळेत मैत्रिणींना सांगायचे. मराठीच्या निबंधात एकदा लिहिलीसुद्धा होती, आणि बाईंनी वर्गात वाचून दाखवली होती.

आई गेल्यावर मी अनेकदा म्हटलं, पप्पा, चला एकदा बोटीने जाऊ, या वेळी प्रवासी म्हणून. ते म्हणायचे, "मी बघितलंय सगळं. आता काय बघायचं राहिलंय?" मुंबईहून बोटी सुटायला लागल्या, गावातली माणसं गोव्याला, लक्षद्वीपला जाऊन आली, तरी त्यांचं उत्तर तेच. मी शाळेतून निवृत्त झाले तेव्हा हट्टाला पेटले. म्हटलं, मला दुसरं काही नको, तुम्ही चला. आठवडाभर ते गप्प राहिले. मग एका रविवारी चर्चमधल्या मिस्साहून आल्यावर खुर्चीत बसले आणि म्हणाले, "वही घे. लिहून घे."

त्यांनी सांगितलं आणि मी लिहिलं. खोली खालच्या मजल्यावरची घे आणि बोटीच्या मधोमध घे, तिथे हेलकावे कमी. वरची महागडी खोली सगळ्यांत जास्त हलते. उपाशी पोटी राहायचं नाही. कोरडा पाव, आंबट सफरचंद, आल्याचा तुकडा जवळ ठेवायचा. मळमळलं की खोलीत आडवं न होता बाहेर जाऊन क्षितिजाकडे बघायचं. गोळी घ्यायची तर मळमळण्याआधी, आणि ती डॉक्टरांना विचारून. मोठ्या बॅगा धक्क्यावर काढून घेतात, त्या कधी खोलीत येतील सांगता येत नाही. म्हणून औषधं, चष्मा, कागदपत्रं, कपड्यांचा एक जोड खांद्यावरच्या पिशवीत. इस्त्री, सुरी, वायरचा बोर्ड बॅगेत टाकायचा नाही, त्यापायी बॅग अडते.

"आणि पांढरं काही नेऊ नकोस," ते म्हणाले. "डाग पडला तर निघत नाही. थंड पाणी लगेच, गरम कधीच नाही."

या शेवटच्या सूचनेवरून मला तेव्हा काही सुचायला हवं होतं. सुचलं नाही.

आम्ही तिघे निघालो, पप्पा, मी आणि माझा नवरा. पाच दिवसांची फेरी होती. धक्क्यावर रांगा, तपासणी, पुन्हा रांग, आणि आत गेल्यावर चकचकीत काचेचे जिने, लिफ्टा, कुठून तरी येणारं पियानोचं संगीत. मी पप्पांकडे वळून म्हटलं, "अगदी तुम्ही लिहायचात तसंच!" ते "हं" म्हणाले आणि हातातली पिशवी छातीशी धरून उभे राहिले.

आमच्या बॅगा संध्याकाळी सहाला आल्या. शेजारच्या खोलीत एक जोडपं होतं, त्यांच्या रक्तदाबाच्या गोळ्या मोठ्या बॅगेत गेलेल्या, दोघं कावरीबावरी होऊन मार्गिकेत येरझारा घालत होती. मी वहीची आठवण ठेवून पप्पांच्या गोळ्या वेळेवर दिल्या आणि मनात म्हटलं, अनुभवी माणूस बरोबर असला की किती फरक पडतो. बोट सुटण्याआधी सगळ्यांना गोळा करून संकटकाळी कुठे जमायचं ते दाखवतात. तिथे पप्पा सर्वांत पुढे. लाइफ जॅकेटचा पट्टा त्यांनी न बघता बांधला आणि माझ्या नवऱ्याचा सोडवून पुन्हा नीट बांधून दिला.

पण जेवायला गेलो तेव्हा ते आमच्या मागे मागे चालले. कोणत्या लिफ्टने जायचं, कुठे वळायचं, एका शब्दाने बोलले नाहीत. टेबलावर सतरा चमचे-काटे. त्यांनी माझ्याकडे बघून मी जो उचलला तोच उचलला. मला वाटलं, वय झालं. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी माणूस गोंधळणारच.

दुसऱ्या दिवशी सकाळी नाश्ता झाल्यावर ते म्हणाले, चष्म्याचं फडकं खोलीत राहिलं, आलोच. खोलीचं त्यांचं कार्ड घेऊन गेले. दहा मिनिटं झाली, वीस झाली. नवरा म्हणाला, झोप लागली असेल. मी खोलीत जाऊन बघितलं, नव्हते. फडकं पलंगावर तसंच. फोन लावावा तर भर समुद्रात रेंज नाही. बोटीवरचं इंटरनेट आम्ही घेतलं नव्हतं. नवरा वरच्या डेकवर गेला, मी स्वागतकक्षात. तिथल्या मुलीने शांतपणे नाव, वय, कपड्यांचा रंग लिहून घेतला आणि वायरलेसवर काहीतरी सांगितलं. ती "मिळतील मॅडम" म्हणाली, पण माझं लक्ष कठड्यापलीकडे दिसणाऱ्या पाण्याकडे. आई गेल्यापासून पप्पा कधी कधी फार वेळ एकाच ठिकाणी बघत बसायचे. नको ते सगळं माझ्या डोक्यात येऊन गेलं.

मला तिथे थांबवेना. आमच्या मजल्यावर परत आले आणि मार्गिकेतून शेवटपर्यंत चालत गेले. तिथून वळून बोटीच्या दुसऱ्या बाजूला. तीही मार्गिका हुबेहूब तशीच, तोच निळा गालिचा, तेच दिवे, दारांच्या त्याच रांगा. आणि मधोमध एका दारासमोर पप्पा उभे, हातात कार्ड, कुलपावर टेकवत होते, थांबत होते, पुन्हा टेकवत होते.

"पप्पा!"

ते दचकले. "अगं, हे कार्ड चालत नाही."

"ही आपली खोली नाही. आपली पलीकडच्या बाजूला आहे."

जीव भांड्यात पडला म्हणतात तो असा. मग लगेच रागही आला. "पाऊण तास झाला. कुणाला विचारायचं नाही का? इथे पावलापावलावर माणसं आहेत."

"सव्वीस वर्षं बोटीवर काढलेल्या माणसाने विचारायचं, माझी खोली कुठे?"

जवळच जिना होता. ते त्याच्या पायरीवर बसले. मी नवऱ्याला आणि त्या मुलीला निरोप पाठवला, एका सफाईवाल्या बाईकडून, आणि पप्पांच्या शेजारी बसले. ते गालिच्याकडे बघत होते. त्यावर बारीक मासे विणलेले होते.

"बाय, मला माहीतच नाही वर कसं असतं ते," ते म्हणाले.

"वर म्हणजे?"

"हे सगळं. हे मजले. मी लॉन्ड्रीत होतो. पाण्याच्या रेषेखाली. चादरी, टॉवेल, टेबलावरची कापडं. आम्हाला वर यायची परवानगी नसायची. आमचा जिना वेगळा, जेवण वेगळं. तो तलाव मी एकदासुद्धा बघितला नाही. बंदरात बोट रिकामी झाली की एखादा वेटर मित्र सांगायचा, झुंबर असं आहे, बँड असा वाजतो. तेच मी लिहायचो."

मी त्यांच्याजवळ सरकले.

"मग इथे तुमच्याबरोबर आलो की कळणारच होतं. म्हणून येत नव्हतो." त्यांनी कार्ड खिशात ठेवलं. "तुझा तो निबंध. बाईंनी वाचून दाखवला म्हणून तू उड्या मारत आली होतीस. तेव्हाच सांगायला हवं होतं. पण कसं सांगणार, की तुझा बाप चादरी धुतो?"

"आईला ठाऊक होतं?"

"तिला पहिल्या सुट्टीतच कळलं. माझे हात बघितले नं. गरम इस्त्रीच्या यंत्राने भाजायचे, सोडा लागून कातडी निघायची. ती म्हणाली, पोरांना पत्रं वाचायला मजा येते, लिहीत जा."

म्हणजे आई ओटीवर बसून ते झुंबर वाचायची तेव्हा तिला सगळं ठाऊक होतं, आणि तरी ती आवाज चढवून वाचायची, बँडच्या जागी हात हलवायची. मला हसू आलं आणि डोळेही भरून आले. मला वाईट वाटायला हवं होतं का, फसवल्यासारखं? मी मनात शोधलं, सापडलं नाही. उलट इतक्या वर्षांत न उलगडलेलं बरंच काही एकदम सुटलं. पप्पा कुठल्याही हॉटेलात गेले की टेबलाच्या कापडाचा काठ चिमटीत का धरतात. घरातल्या चादरी स्वतःच का घडी घालतात. गावातले दुसरे बोटीवरचे गप्पा मारायला बसले की ते का उठून जातात.

"पप्पा, चादरी धुतल्या म्हणून मी शिकले," मी म्हटलं.

"ते आहेच." त्यांनी एवढा मोठा श्वास सोडला, की मला तो आधी ऐकू आला आणि मग कळला. "हायसं वाटलं बघ. उगीच ओझं घेऊन फिरत होतो."

मग ते उठले आणि म्हणाले, "चल, तो तलाव दाखव."

तलाव लहान निघाला. पप्पांनी काठाशी उभं राहून तो नीट बघितला आणि म्हणाले, "वेटरने जरा वाढवूनच सांगितलं होतं." पुढचे तीन दिवस त्यांनी एकही मजला सोडला नाही. दिसेल त्याला विचारायला लागले, हे काय, तिकडे काय. एका कर्मचाऱ्याने त्यांना सांगितलं, की गालिच्यावरचे मासे बोटीच्या पुढच्या टोकाकडे तोंड करून पोहतात, तेवढं बघून चाललं की दिशा चुकत नाही. मग ते माझ्या नवऱ्यालाच रस्ता सांगू लागले. आमच्या दारावर मी खूण म्हणून फ्रीजला लावायचं एक केळीच्या घडाचं चुंबक चिकटवलं, दारं लोखंडी असतात. आणि भेटायची जागा आणि वेळ रोज सकाळी ठरवू लागलो. बायकांना मी देते त्या सल्ल्यांत हे दोनच माझे आहेत.

आमची खोली साफ करणारा माणूस टॉवेलचे हत्ती, हंस करून ठेवायचा. पप्पांनी एक हंस उलगडला, काठ चाचपला आणि त्याला हिंदीत विचारलं, "मशीन कितने किलो का है?" त्या माणसाने चमकून बघितलं. नंतर दोघं दारात अर्धा तास बोलत उभे होते. मी बाहेरून ऐकत होते. पप्पा म्हणत होते, "मैं भी लॉन्ड्री में था. छब्बीस साल." आवाज चांगला खणखणीत होता.

घरी आल्यावर भावाला त्यांनी स्वतःच सांगितलं, जेवताना, माशाचा काटा काढत. भाऊ म्हणाला, "मग त्या चॉकलेटांना साबणाचा वास का यायचा ते आज कळलं." पप्पा इतके हसले की त्यांना ठसका लागला, आणि वहिनीला उठून पाणी द्यावं लागलं.

गेल्या महिन्यात आगाशीच्या बाजारात त्यांचा एक जुना सोबती भेटला, तोही बोटीवरचा. "काय रे, पुन्हा समुद्रावर?" त्याने विचारलं. पप्पा म्हणाले, "हो ना. पाच दिवस चादरी दुसऱ्याने बदलल्या." मग मला म्हणाले, तू भाजी घे, आम्ही जरा बसतो. मी वांगी घेतली, कोथिंबीर घेतली, परत आले तरी दोघं चहाच्या टपरीवर बोलतच होते.