लिफ्टवाल्या काकांची कच्ची आवृत्ती

लिफ्टवाले काका म्हणजे सावधपणाची हद्द. सगळी नोकरी लिफ्ट दुरुस्त करण्यात गेली आणि त्यात एकदाही कुणाचं बोटसुद्धा चेमटलं नाही, याचा त्यांना केवढा अभिमान. नवा भाग बसवला की आधी लिफ्ट रिकामी फिरवायची, मग स्वतः एकट्याने आत उभं राहून फिरायचं, आणि मगच दारावरची 'बंद आहे'ची पाटी काढायची. खाली लोक पिशव्या घेऊन ताटकळायचे, तोंडसुख घ्यायचे, पण काका ढिम्म. अडकलेल्यांना सोडवण्याचे त्यांचे किस्से तर काकूंना तोंडपाठ झाले होते. एकटा अडकलेला माणूस म्हणे पांढराफटक पडून बाहेर यायचा, आणि दोघं असले की गप्पा मारतच बाहेर पडायचे.

निवृत्त झाले तरी खोड गेली नाही. घरात नवा मिक्सर आला तेव्हा काकू हातात टोमॅटो धरून उभ्या आणि हे तो रिकामाच फिरवून बघताहेत.

अशा माणसाच्या टीव्हीखाली लिनक्सवर चालणारा कॉम्प्युटर आला तो मुलीमुळे. ती दुसऱ्या शहरात सॉफ्टवेअरचंच काम करते. तिने आपला जुना कॉम्प्युटर टीव्हीला जोडला, सिनेमे लावून देणारं सॉफ्टवेअर त्यात घातलं, आईच्या आवडीचे सगळे जुने सिनेमे भरले आणि रिमोट आईच्या हातात दिला.

"बाबा, याच्या दोन आवृत्त्या मिळतात," ती म्हणाली. "एक स्टेबल, म्हणजे पक्की. दुसरी बीटा. तिच्यात नव्या सोयी असतात, पण ती अजून कच्ची आहे, मध्येच मान टाकते. मी पक्की घातलीय."

"मग कच्चीचं नावच काढू नकोस," काका म्हणाले, आणि विषय तिथेच मिटला.

मिटलाही असता, पण काकूंच्या कानांनी दगा दिला. काही वर्षांपासून ते उतरत चालले होते. आधी दाराची बेल ऐकू येईनाशी झाली, मग फोन, मग मैत्रिणींच्या गप्पा. चारचौघांत सगळे हसले की या कसनुसं हसायच्या आणि काहीतरी निमित्त काढून घरी यायच्या. कानातलं यंत्र समोरच्या माणसाशी बोलायला बरं, पण टीव्हीचा त्यात नुसता खडखडाट. टीव्ही मोठा करावा तर वरच्या मजल्यावरचे फरशी ठोकायचे. शेवटी हेडफोन आणला आणि काकूंना त्यांचा सिनेमा परत मिळाला. संध्याकाळी तो चढवून बसल्या की बाई अशा खुलायच्या, की काका पडदा सोडून त्यांच्याकडेच बघत राहायचे.

तसं त्यांना दुसरं काही करण्यासारखं नव्हतंच. पक्क्या आवृत्तीत आवाज एकाच ठिकाणी जायचा. हेडफोनमध्ये गेला की टीव्ही मुका. काकूंना वाटायचं, टीव्ही बोलतोय, आपल्यालाच तो ऐकू येत नाही. काकांनी ही समजूत मोडली नाही. खरं कळलं तर ही त्याच क्षणी हेडफोन काढून ठेवील आणि "मला कुठे एवढी हौस आहे" म्हणेल, हे ते जाणून होते. म्हणून हा गृहस्थ रोज मुका सिनेमा बघायचा आणि बायको हसली की हसायचा. प्रेमाबिमाच्या गोष्टी आपण पुष्कळ ऐकतो, पण हे एखादा आठवडा करून बघा म्हणजे कळेल.

मुलगी राहायला आली तेव्हा तिच्या हे लक्षात आलं. "बाबा, बीटामध्ये आवाज दोन्हीकडे जातो. आईला हेडफोनमध्ये मोठा, तुम्हाला टीव्हीवर हळू. घालू का?"

"आणि मध्येच मान टाकली तर?"

"बंद करून परत चालू करायचं. त्यात काय एवढं?"

काकूंची पाठ त्यांच्याकडे होती आणि ऐकू तर काहीच जाणार नव्हतं, तरी काकांनी आवाज खाली घेऊन सांगितलं. मागे एकदा सिनेमा चालू असताना हेडफोनची बॅटरी संपली होती.  काकू हात मांडीवर ठेवून बसून राहिल्या. त्यांना वाटलं, होते तेवढेही कान गेले. बॅटरी भरून आवाज परत आला, तरी स्वयंपाकघरात जाऊन कितीतरी वेळ रडत होत्या. "तसं पुन्हा व्हायला नको," काका म्हणाले. "त्यापेक्षा मी बहिरा बसेन."

 जाताना मुलीने एक पेनड्राइव्ह दिला. तो लावून कॉम्प्युटर चालू केला की बीटा, काढून चालू केला की पक्की. ठरवा तुम्ही, म्हणाली.

दुपारी काकू बागेत फिरायला गेल्या की काका पेनड्राइव्ह लावून बघायचे. आवाज दोन्हीकडे यायचा, अगदी झकास. आणि मग कधीतरी, काही कारण नसताना, चित्र थिजायचं आणि आवाज गुडूप. लिफ्ट अशी वागली असती तर काकांनी तिला कुलूपच घातलं असतं. पेनड्राइव्ह खणात जायचा, दुसऱ्या दिवशी पुन्हा बाहेर यायचा.

एका संध्याकाळी काकूंनी विचारलं, "अहो, तो म्हातारा शेवटी काय म्हणाला हो? मला नीट ऐकू आलं नाही."

काकांनी दिलं काहीतरी ठोकून. "जमीन विकणार म्हणाला."

"पण पुढे तर तो घर सोडून चाललाय असं दाखवलंय," काकू म्हणाल्या. मग मान हलवून स्वतःशीच म्हणाल्या, "मलाच काहीतरी भलतं ऐकू येतंय. जाऊ दे."

काकांना जेवण गेलं नाही. तिला सांभाळायला म्हणून जे चाललं होतं, त्यानेच तिचा स्वतःच्या कानांवरचा उरलासुरला विश्वास उडत होता. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांनी पेनड्राइव्ह लावला.

सिनेमा विनोदी होता. काका श्वास रोखून बसले होते, पण नोकर मालकाला असं काही बोलला की त्यांना खो खो हसू आलं. काकूंनी चमकून त्यांच्याकडे बघितलं आणि मग त्याही हसल्या. काकांना वाटलं, जमलं बुवा. आणि तेवढ्यात चित्र थिजलं.

 काकूंनी हेडफोन काढला, कानापाशी हात नेला, पण तो तिथेच थांबला. त्या नवऱ्याच्या तोंडाकडे बघत होत्या.

"गेला ना आवाज? तुमचाही?"

"माझाही." काका त्यांच्याकडे वळून, सावकाश म्हणाले.

"म्हणजे माझे कान नाहीत."

"कान नाहीत गं. हे सॉफ्टवेअर कच्चं आहे."

काकूंनी एक मोठा श्वास सोडला आणि पाठ टेकली. मग म्हणाल्या, "आज तुम्ही माझ्याआधी हसलात. रोज मागून हसता."

आता लपवण्यात अर्थ नव्हता. काकांनी सगळं सांगून टाकलं. काकूंचे डोळे भरून आले आणि त्याच डोळ्यांनी त्यांनी नवऱ्याला चांगलं सुनावलं. "मी मेली म्हाताऱ्याचं विचारते, आणि तुम्ही खुशाल जमीन विकून मोकळे. रात्रभर मी माझ्या कानांना दोष देत होते."

"चुकलंच माझं," म्हणत काका उठले आणि टीव्हीखाली वाकले.

"काय करताय?"

"पेनड्राइव्ह काढतो. पुन्हा अडकेल हे."

"अडकू दे," काकू म्हणाल्या. "दोघं आहोत ना आत."

 काकांनी कॉम्प्युटर बंद करून परत चालू केला, पेनड्राइव्हला हात न लावता. सिनेमा पहिल्यापासून लागला, आणि नोकर मालकाला बोलला तेव्हा दोघं एकदमच हसले.