ओल्या कापडावर बोलायचं नाही

आमच्या घरात एक नियम होता. कापड ओलं असताना त्यावर कुणी काही बोलायचं नाही. छान म्हणायचं नाही, वाईट म्हणायचं नाही, तोंडही वाकडं करायचं नाही. कारण साधं होतं. ठशाने छापलेला रंग ओला असताना गडद दिसतो आणि सुकला की एक पायरी खाली उतरतो. ओल्या लालवर खूष झालेला माणूस सुकलेल्या लालवर नाराज होतो, आणि मग घरात भांडण लागतं. आम्ही बेंगळुरूच्या पेठेतले जुने मराठी, पिढ्यांपासून कापड रंगवणारे आणि छापणारे. पुढे दुकान, मागे घर, वर गच्ची. भांडण झालं तर तोंड फिरवून बसायलाही जागा नव्हती.

नक्षी सुचायची आत्याला. तिला सगळे अक्का म्हणायचे, आम्ही मुलंसुद्धा. ती नक्षी चालेल की नाही हे ठरवायचे माझे वडील, अण्णा. अण्णा अक्काहून लहान, त्यामुळे ती त्यांना गिऱ्हाइकांसमोरही 'तम्मा' अशी हाक मारायची. अण्णांना स्वतःला आयुष्यात एकही नक्षी सुचली नाही. मी एकदा त्यांना विचारलं तर म्हणाले, "मलाही सुचायला लागलं तर अक्काला नको कोण म्हणणार?"

अक्काला बहुतेक नक्ष्या थंडीत सुचायच्या, आणि त्याचं श्रेय अवरेकाळूंना. आपल्या पावट्याचे हे भाऊबंद डिसेंबर-जानेवारीत इथल्या बाजारात ढिगांनी येतात. दाणे भिजवायचे आणि एकेक दाणा चिमटीत दाबून सालातून बाहेर उडवायचा. हात गुंततात, डोकं मोकळं राहतं. अक्का पाटावर बसून दाणे दाबत असायची, नजर समोरच्या भिंतीवर, हाक मारली तरी ओ नाही. मग एकदम तिचं ओलं बोट लाल ऑक्साइडच्या जमिनीवर फिरायचं. एक पान, एक वळण, कधी नुसती चोच. पाणी सुकलं की चित्र गेलं. ती कागदावर उतरवून ठेवत नसे. संध्याकाळपर्यंत जे आठवणीत टिकेल तेवढंच कापडावर जायचं. मग जुने ठसे जुळवून, राहिलेली जागा ब्रशने भरून, ती एक तुकडा तयार करायची आणि गच्चीवर दोरीला लावायची. नवा ठसा कोरून घ्यायचा की नाही, हे त्या तुकड्यावर ठरायचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णा कॉफीचा लोटा घेऊन वर जायचे. लोटा कठड्यावर ठेवायचा, तुकडा दोरीवरून काढायचा, दोन्ही हात लांब करून धरायचा. त्यांचा चेहरा आधी बोलायचा, कारण मागून यायचं. कधी कधी कारण यायला दुपार व्हायची. पसंत पडलं तर "सरी." नाही पडलं तर "बेडा." नको, या अर्थाचा हा कन्नड शब्द मी लहानपणी जितका गच्चीवर ऐकला तितका रस्त्यावरही ऐकला नाही.

एकदा अक्काने साडीच्या काठावर पाली काढल्या. एकीमागे एक, शेपट्या वर.

"अक्का, पाल अंगावर कोण घेईल?"

"मोर घेतात ना? मोराने काय पुण्य केलंय?"

"मोर भिंतीवरून डोक्यात पडत नाही."

"तुला नक्षीतलं काय कळतं? स्वतःचा शर्ट बघ. आजारी माणसाच्या चादरीचा रंग आहे."

"चादर आपणच छापलीय. तूच केली होतीस नक्षी."

अक्का तरातरा खाली गेली. दिवसभर अण्णांशी बोलली नाही, पण भांडी घासताना राखेत बोट फिरत होतं. पाल गेली, शेपूट राहिलं. शेपटाला आणखी एक शेपूट गुंफलं, टोकाला एक कळी आली. त्या तुकड्याला "सरी" मिळालं, आणि तो वेलीचा काठ आमच्याकडे अनेक वर्षं खपला. लग्नाच्या खरेदीला आलेल्या बायका त्यावर हात फिरवून म्हणायच्या, किती नाजूक वेल आहे. अक्का माझ्याकडे बघून फक्त भुवया उडवायची.

नाकारलेली कल्पना वाया जात नाही, हे मी तिथे बघितलं. तिचा एखादा तुकडा मागे पडून राहतो आणि पुढच्या कल्पनेला चिकटतो. पण त्यासाठी आधी कुणीतरी नाकारावी लागते.

पुढे यंत्रावर छापलेलं कापड स्वस्त झालं, आमची छपाई बंद झाली, दुकानात दुसऱ्याचा माल आला. अण्णा आणि अक्का मात्र थांबले नाहीत. ती रुमाल, अभ्रे, टेबलक्लॉथ छापायची, ते गच्चीवर जाऊन "बेडा" म्हणायचे. गेल्या वर्षी अण्णा गेले. पेठेतल्या घरात अक्काला एकटीला ठेवणं शक्य नव्हतं, म्हणून ती सर्जापूर रोडवर आमच्या फ्लॅटमध्ये आली. सोबत एक गोणी ठसे. बाल्कनीत मी तिला टेबल लावून दिलं, वर दोरी बांधली.

पहिला अभ्रा छापून तिने दोरीवर टाकला आणि आम्ही सगळे बाल्कनीत धावलो. नवरा म्हणाला, अप्रतिम. मुलगी फोटो काढून म्हणाली, "अक्का, सुपर!" शेजारची बाई दारातूनच टाळ्या वाजवायला लागली. मीही छान म्हटलं. अभ्र्यातून अजून पाणी ठिबकत होतं. अक्का आमच्याकडे पाहुण्यांकडे बघावं तशी बघत राहिली.

सगळ्यालाच छान मिळत गेलं. आंब्याच्या कोयरीलाही छान, कोयरीला पाय काढले तेव्हाही छान. हळूहळू तुकडे कमी झाले. मग टेबलावर इस्त्रीचे कपडे साचायला लागले. अक्काचं जेवण कमी झालं. टीव्ही चालू असायचा आणि ती त्याच्या बाजूच्या भिंतीकडे बघत असायची, पण बोट हलत नव्हतं. डॉक्टरने वयाचं कारण सांगितलं. डिसेंबरात एका सोमवारी तिने ठशांची गोणी बांधून दाराशी आणून ठेवली.

"पुट्टी, आनेकलला तो एक छापखाना आहे ना चादरीवाला, त्याला हे देऊन टाक. शनिवारी तुला सुट्टी आहे."

पन्नाशी आली तरी मी तिची पुट्टीच, म्हणजे छोटी मुलगी. मी म्हटलं, "कशाला? छापतेस ना छान."

"हो," ती म्हणाली. "छानच छापते."

माझं काम इलेक्ट्रॉनिक सिटीत, दुसऱ्यांनी केलेलं सॉफ्टवेअर तपासायचं. दिवसभर मी लोकांना सांगत असते की हे चालत नाही, ते तुटतंय, परत करा. त्याच आठवड्यात ऑफिसात नव्या कल्पना कशा काढाव्यात याचं एक सत्र होतं. शिकवायला आलेल्या बाई मेंदूवर काम केलेल्या होत्या आणि सोपं बोलत होत्या. सुरुवातीला सगळ्यांनी पिवळ्या चिठ्ठ्यांवर मनात येईल ते लिहून भिंतीला चिकटवायचं होतं. आता कुठलीच कल्पना वाईट नाही, असं त्यांनी बजावलं.

"मग वाईट कधी?" मी विचारलं. टेस्टिंगवाली आहे, असं मागून कुणीतरी म्हणालं आणि सगळे हसले. बाई हसल्या नाहीत.

"उद्या," त्या म्हणाल्या. "पण उद्या नक्की."

मग त्यांनी समजावलं. आपण रिकामे असतो, भांडी घासत असतो, खिडकीबाहेर बघत असतो, तेव्हा मेंदूचे काही भाग जुन्या आठवणी उसकटत बसतात आणि लांबलांबच्या गोष्टी एकमेकींशेजारी आणून ठेवतात. कल्पना बऱ्याचदा तिथून येते. तिला पारखताना दुसरे भाग पुढे होतात, जे आपण आकडेमोड करताना किंवा गर्दीत गाडी चालवताना वापरतो. पारखणं फार लवकर सुरू झालं तर सुचणं अडतं. झालंच नाही तर नुसता ढीग साचतो, आणि त्यात पुढे कुठे जायचं ते कळत नाही. चांगलं काम होतं ते या दोघांमधल्या येण्याजाण्यामुळे. आणि पारखणं म्हणजे नुसता तर्क नव्हे, आवडलं-नावडलं हे बऱ्याचदा आधी कळतं, कारण नंतर सापडतं.

मी चिठ्ठी हातात धरून बसले होते आणि मला कठड्यावरचा कॉफीचा लोटा दिसत होता. आमच्या घराने एकच डोकं दोन माणसांत वाटून घेतलं होतं. त्यातलं अर्धं गेलं, आणि त्या जागी आम्ही टाळ्या नेऊन ठेवल्या. त्याही कापड ओलं असताना.

शुक्रवारी घरी येताना रस्त्याच्या कडेला अवरेकाळूंचे ढीग लागलेले दिसले. मी पिशवीभर घेतले, सोलले आणि भिजत घातले.

शनिवारी सकाळी गोणी दाराशीच होती. अक्का साडी बदलून, तयार होऊन बसली होती. बाल्कनीच्या दोरीवर तिचा शेवटचा टेबलक्लॉथ कधीपासून तसाच लटकत होता. मी तो काढला, दोन्ही हात लांब करून धरला. नक्षी वाईट नव्हती. पण माझ्या तोंडावर काहीतरी उमटलं असावं, कारण अक्का खुर्चीतून पुढे झुकली.

"काय?"

"बेडा," मी म्हटलं.

"काय बेडा?"

कारण सापडायला मला जरा वेळ लागला. "काठ जड झालाय. मधलं फूल दबलंय त्याच्याखाली. आणि कोपऱ्यात दोन वेली समोरासमोर येऊन धडकतात."

"कॉम्प्युटरवाली मला नक्षी शिकवणार!" अक्का उठून उभी राहिली. "कोपऱ्यात वेल वळवायला स्वल्प जागा लागते. कुठून आणू? टेबल केवढं दिलंयस बघ. इस्त्रीचे कपडे कुणाचे आहेत त्यावर?"

"माझे आहेत. पण काठ जडच आहे."

"तुझा बापही असाच. मेला तरी खोड गेली नाही, तुला देऊन गेला."

"तू फूल मोठं कर नाहीतर काठ बारीक कर. मला सुचत नाही, मी फक्त सांगते."

"ते दिसतंय," अक्का म्हणाली. तिने टेबलक्लॉथ माझ्या हातातून ओढून घेतला, कोपरा डोळ्यांजवळ नेला आणि पुटपुटत राहिली. आनेकलचं नाव तिने काढलं नाही. मीही काढलं नाही. थोड्या वेळाने म्हणाली, "अवरेचा वास येतोय. कुठे ठेवलेत?"

ती स्वयंपाकघरात खाली बसून दाणे दाबायला लागली. मधेच तिचं बोट फरशीवर फिरलं आणि ती वैतागली. आमची फरशी गुळगुळीत, पाणी मुरत नाही, थेंब होऊन बाजूला पळतं. "ही कसली जमीन!" म्हणत तिने पदराने पुसलं आणि पुन्हा बोट बुडवलं. मी गोणी उचलून बाल्कनीत टेबलाखाली सरकवली आणि माझे इस्त्रीचे कपडे आत आणले.

दुपारी ठसे आपटल्याचा आवाज आला. चहा घेऊन मी बाल्कनीत डोकावले. दोरीवर नवा तुकडा होता, अजून ठिबकत असलेला. मी मान वर करायच्या आत अक्का मधे येऊन उभी राहिली.

"काय बघतेस? ओलं आहे. आत जा."

मी चहा टेबलावर ठेवला आणि आत गेले.