खोकणारा पक्षी

गळ्यात कात्री लटकत असली तरी काकू दोरा दातानंच तोडते. चहा गार झाल्यावर पिते. माणसाशी बोलण्याआधी आभाळाकडे बघते. पक्षी बोटानं नाही, हनुवटीनं दाखवते. आणि शिट्टी एकदाच वाजवायची.

दुकानामागच्या खोलीत ती पडदे शिवते. मी वरच्या मजल्यावर भाड्यानं राहते. साहित्य शिकले म्हटल्यावर ती म्हणाली होती, "म्हणजे पुस्तकात पक्षी ढीगभर, खिडकीत एक नाही." तेव्हापासून सुट्टीच्या दिवशी मी तिच्याबरोबर किनाऱ्यावर जाते.

पाऊस सरला, वारा फिरला की उत्तरेकडून पक्षी उतरतात. त्यातला लांब, वाकड्या चोचीचा तिचा लाडका. त्याची शिट्टी ती ओठांनी हुबेहूब काढायची. तो मान वळवायचा, कधी थोडा जवळ यायचा. मग ही गप्प. समुद्र ओलांडून आलेला जीव, त्याला चार घास खाऊ द्यावेत. एक हाक म्हणजे विचारपूस, दुसरी म्हणजे छळ, असं तिचं म्हणणं.

त्या सकाळी ओहोटी होती. आम्ही पोचलो तर खडकांमागून तीच शिट्टी आली. काकूचा चेहरा उजळला. यंदा लवकर आला, म्हणाली. शिट्टी पुन्हा आली. पुन्हा आली. तिनं दुर्बीण हळूच खाली केली. शिट्टीच्या शेवटी बारीक खोकला होता. दर वेळी, तिथंच.

पक्षी खोकत नाही. काकू खोकते. कापडाच्या धुळीनं.

खडकांमागे काही माणसं कॅमेरे रोखून वाळूत पालथी पडली होती. भोवती बिस्किटांचे पुडे, थोटकं. पुढे चिखलात एक स्पीकर. त्याच्याभोवती तो पक्षी धावत होता. चोच उघडी, पंख लोंबलेले. थांबायचा. पुन्हा शिट्टी झाली की पुन्हा धावायचा. उडायचं त्राण नव्हतं. कुणीतरी हसून म्हणालं, हीरो दमला.

त्या सगळ्यांना घेऊन आला होता काकूचा भाचा. उन्हाळ्यात त्यानं तिच्याकडून शिट्टी वाजवून घेतली होती, मोबाइलवर. तिला वाटलं, कौतुकानं.

तो वाळू झटकत उठला. "मावशी, तुझाच आवाज. फेमस झालीस की."

काकू चपलांसकट चिखलात गेली. बडबड्या पोराच्या तोंडावर ठेवावा तसा तिनं स्पीकरवर हात दाबला. हाताखालून शिट्टी येतच राहिली. शेवटी भाच्यानं बटण बंद केलं. पक्षी दोन पावलं चालला आणि चिखलात बसला.

ते पुसून टाक, असं काकूनं सांगितलं. ग्रुपवर गेलंय, कुणाकुणाचं पुसू, असं तो म्हणाला. वर, तू उगाच राईचा पर्वत करतेस, हेही.

कुणी हात पुसलेल्या पडद्याकडे बघावं तसं तिनं त्याच्याकडे पाहिलं. "माझा नाही तो आवाज. मी एकदा वाजवून गप्प बसते."

परत येताना ती बाहीनं ओठ पुसत होती. नासकं काही तोंडात गेल्यासारखं, पुन्हा पुन्हा.

आम्ही अजून जातो. ती हनुवटीनं दाखवते, मी बघते. शिट्टी नाही.

मला ती शिकवत होती. सुरुवातीचा चढ जमला होता. शेवटची गिरकी पुढच्या सुट्टीला, असं म्हणाली होती.